सुगरणीच्या मागे एक पावसाळा : खाडीकाठच्या नोंदी

मे ते ऑक्टोबर २०२४. जागा मुलुंड-भांडूपचा खाडीपट्टा. कॅमेरा निकॉन डी५००, लेन्स २००-५०० एफ/५.६, सेकंडहँड, ६१ हजारांना. खोपा विणताना आणि मादीपुढे नाचताना सुगरण नर टिपायचा, एवढाच उद्योग. झाडाची नेमकी जागा लिहिलेली नाही, विचारलीत तरी सांगणार नाही. का, ते ३० जूनच्या नोंदीत येईल.

१२ मे, रविवार

मूळ बेत तांबटाचा होता. फेब्रुवारीत सोसायटीतल्या गुलमोहराच्या वाळक्या फांदीला तांबटाची जोडी खालच्या अंगाने बीळ कोरत होती. जिन्याच्या खिडकीतून अगदी समोर. मुंबईचा शहरपक्षी घरबसल्या मिळतोय म्हणून मी निवांत राहिलो आणि पावसाळ्याआधीच्या छाटणीत ती फांदी मार्चमध्येच गेली. बीळ आहे हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं, तर दोष कुणाला देणार? वाळकी फांदी म्हणजे तांबटाचं घर, हे सोसायटीच्या लोकांना आधी जाऊन सांगा, मग कॅमेरा काढा.

म्हणून आज सुगरणीची जागा बघायला गेलो. गोड्या पाण्याच्या चरावर झुकलेल्या तीन शिंदी, पलीकडे पुरुषभर गवत आणि पाणकणीस, त्यामागे तिवरांची रांग. झावळ्यांना गेल्या वर्षीचे नऊ तपकिरी खोपे लटकलेले. बहुतेक सगळे झाडाच्या पूर्वेच्या अंगाला. वहीत तसं लिहिलं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरायला महिना गेला.

पक्षी एकही नाही. तरी तीन तास बसलो.

१९ मे आणि २ जून

पुन्हा तेच. बगळे, खंड्या, उकाडा. दोन रविवार आणि दोनदा बायकोचा रोष. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी मे महिना झोपून काढावा. सुगरण नराला विणायला लांब, ओली, लवचीक पाती लागते आणि ती पावसाशिवाय येत नाही. नवं गवत गुडघ्याच्या वर गेलं की निघायचं. कॅलेंडर बघू नका, गवत बघा.

९ जून, रविवार

मुंबईत मान्सून आल्याचं आज हवामान खात्याने जाहीर केलं. मी पावणेसहालाच झाडाखाली होतो. कॅमेरा बाहेर काढला आणि लेन्सवर धुकं. पुसलं, पुन्हा आलं. आतल्या काचेवरही वाफ. एकूण पंचवीस मिनिटं गेली आणि तेवढ्यात सकाळचा चांगला उजेडही गेला.

कारण साधं होतं. बॅग रात्रभर एसीच्या खोलीत ठेवलेली. थंडगार काच खाडीच्या दमट हवेत आली की फ्रिजमधल्या बाटलीसारखी घामेजणारच. आजपासून बॅग आदल्या रात्री स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वर. पुढे एकदाही धुकं आलं नाही. फुकट झालेला हा एकच इलाज.

१६ जून, रविवार

आले! सात-आठ नर, डोकं हळदीसारखं पिवळं, गालावर काळपट मुखवटा. झावळीच्या टोकांवर बसून नुसता कलकलाट, काम शून्य. नाक्यावर टोळकं उभं असतं तसे.

आजची चूक जागेची. मी पश्चिमेला, रस्त्याच्या कडेला बसलो, कारण तिथे चिखल कमी. सूर्य समोरून, पक्षी काळेठिक्कर. तेव्हा कुठे मेमधलं निरीक्षण आठवलं. वारा-पाऊस नैऋत्येकडून मारतो, म्हणून बहुतेक खोपे पूर्वेच्या आडोशाला. म्हणजे सकाळचं ऊन थेट खोप्यांवर पडणार आणि फोटो काढणाऱ्याने चराच्या पलीकडे, सूर्याकडे पाठ करून बसायचं. पक्ष्याने स्वतःच्या सोयीसाठी जागा निवडली, ती आपल्याही सोयीची निघाली. गमबूट मात्र घालावे लागले. तेही मी जुनेच वापरले, उजव्यात पाणी शिरतं.

२३ जून, रविवार

विणकाम सुरू. पाच झावळ्यांच्या टोकांना हिरव्या गाठी, त्यातल्या दोन ठिकाणी कडं तयार. मी खोप्यांना डावीकडून आकडे दिले, एक ते पाच.

पाती काढायची पद्धत डोळ्यांनी पाहिली तरी पटत नाही. नर गवताच्या पात्यावर उतरतो, बुडाशी कडेला चोचीने खाच पाडतो, ती कडा चोचीत घट्ट धरतो आणि उडतो. त्याच्या उडण्याच्या जोरानेच पातं उभं चिरत जातं आणि हातभर लांब धागा त्याच्यामागे फरफरत येतो. कापड दुकानात खाच देऊन कापड टर्रकन फाडतात ना, अगदी तसं.

हे टिपायला शटर सेकंदाच्या १/१००० वर ठेवलं. पक्षी बरा, धागा पुसट. १/२००० ला धागा थांबला, पण ढगाळ उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ३२०० वर गेला. चालतं. कणीदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

दुसरी फजिती पांढऱ्या आकाशाची. पावसाळी आकाश म्हणजे पांढरी चादर. कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार आहे, म्हणून तो सगळं काळं करतो. आकाश मागे असेल तर मी आता उजेड एक ते दीड स्टॉप, म्हणजे पायरी-दीड पायरी, वाढवतो. उलट मध्येच ऊन पडलं तर पिवळं डोकं जळतं, म्हणजे नुसता पिवळा डाग, पीस दिसत नाही. कॅमेऱ्यातला उजेडाचा एरवीचा पांढरा आलेख यात फसवतो. तांबड्या रंगाचा आलेख वेगळा उघडून बघायचा. आज काढलेले ६४० फोटो, ठेवलेले चार.

३० जून, रविवार

ही नोंद लिहायला जिवावर आलंय.

खोपा क्रमांक तीन आणि चार ‘हेल्मेट’ अवस्थेला आले होते. अर्धा खोपा, खालून उघडा, मधोमध आडवी पट्टी. लांबून खरोखर हेल्मेटसारखा दिसतो. नर इथे थांबतो आणि माद्यांची वाट बघतो. एखादी पसंत करेल तर पुढचं काम, नाहीतर एवढ्यावरच सोडून दुसरीकडे नवा डाव. फोटोच्या दृष्टीने हाच सगळ्यात मोलाचा काळ.

गेल्या रविवारी मी वीस मीटरवर होतो. तिथून १५ सेंटिमीटरचा पक्षी माझ्या लेन्समध्ये फ्रेमच्या उंचीच्या साधारण पाव भाग येतो. खोप्यासकट चौकट छान भरते. पण मला गाठी मारणारी चोच हवी होती. म्हणून चराच्या अलीकडे उतरलो, चिखलात स्टूल रोवलं. नंतर पावलांनी मोजलं तर नऊ मीटर. वर नर्सरीतून आणलेलं हिरवं शेडनेट पांघरलेलं. मी स्वतःला झुडूप समजत होतो.

सात वाजून दहा मिनिटांनी बसलो. चारचा नर पातं घेऊन आला, झाडाला वळसा घालून परत गेला. पुन्हा आला, शेजारच्या झाडावर बसून खोप्याकडे बघत राहिला, चोचीतलं पातं टाकून दिलं. वाऱ्यावर शेडनेट फडफडत होतं. मी ‘सवय होईल’ म्हणत बसून राहिलो. जाळ्यात चिंबोऱ्या घेऊन परतणारे कोळीवाड्यातले एक मामा बांधावर थांबले. म्हणाले, "तू पाखराला बघत नाय, पाखरू तुला बघतंय." मी हसलो. उठलो नाही.

साडेसात ते आठच्या मध्ये तीनचा नर चारच्या खोप्यावर आला आणि आरामात पात्या उपसून नेऊ लागला. सुगरण नर एकमेकांचा माल चोरतात, हे वाचलेलं होतं. मालक खोप्यावर असता तर त्याने चोरट्याला हाकललं असतं. मालक माझ्यामुळे लांब. सहा खेपा मी स्वतः मोजल्या आणि, सांगायला लाज वाटते, त्यातल्या चारांचे फोटोही काढले. फार सुंदर आले आहेत. आठला उठून मागे गेलो तेव्हा चारच्या घुमटाला मुठीएवढं भगदाड होतं.

ते फोटो कुणाला दाखवलेले नाहीत. हा नऊ मीटरचा मोह ज्याला होणार नाही असा माणूस मला भेटलेला नाही, म्हणून झाडाचा पत्ता इथे नाही. एकटा मी एवढं करू शकतो, तर रविवारी पंधरा जण लेन्सा घेऊन आले तर काय होईल? शिवाय घरट्याला, अंड्यांना धक्का लावणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तो भाग वेगळाच.

आज घरी येऊन वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं : वीस मीटर. नर पातं घेऊन आला आणि न बसता परत गेला, तर त्याच क्षणी आपण मागे सरकायचं. फांदी-झावळी बाजूला करायची नाही. मोबाइलवर आवाज वाजवून बोलवायचं नाही. मादीने घर पसंत केलं की त्या खोप्यापुरता कॅमेरा बंद.

७ आणि ८ जुलै

रविवारी पावसाने हलू दिलं नाही. रविवारच्या रात्री तर कहरच. सोमवारी पहाटे एक ते सात या सहा तासांत शहरात काही ठिकाणी तीनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. लोकल बंद, ऑफिस बंद. मी खिडकीत बसून शिंदीच्या झावळ्यांचा विचार करत होतो.

या सक्तीच्या सुट्टीत एक शोध लागला. लेन्स टेकवायची बीनबॅग मी घरातल्या मुगांनी भरली होती. दोन ओल्या रविवारांनंतर तिला मोड आले. बायकोने वास घेतला आणि शांतपणे म्हणाली, "उसळ करू?" बीनबॅग रद्द. आता साधा ट्रायपॉड, पाय आखूड करून.

१४ जुलै, रविवार

मधल्या शिंदीची एक झावळ मोडून चराच्या काठावर पडलेली. तिला दोन खोपे, दोन्ही हेल्मेट अवस्थेतले. अंडी नाहीत, पक्षी फिरकत नाहीत. हात न लावता अर्धा तास गुडघ्यांवर बसून नुसतं बघितलं.

झावळीच्या पात्याभोवती पहिली गुंडाळी इतकी घट्ट की पातंच चिमटलं गेलंय. टोक वेढ्याखालून काढून पुन्हा आत खोचलेलं, आपण परकराची नाडी खोचतो तसं. वरचा घुमट दाट, दोन-तीन थरांचा. जुने धागे पिवळसर, वरचे हिरवे, म्हणजे काम किती दिवस चाललं होतं ते रंगावरून वाचता येतं. मधली आडवी पट्टी बाकीच्यापेक्षा जाड, दोऱ्यासारखी पिळलेली. मादी येऊन बसते ती इथेच. आणि घुमटाच्या आतल्या बाजूला ओल्या चिखलाचे गोळे थापलेले, वाटाण्याएवढे. लहानपणी आजी सांगायची, सुगरण खोप्यात काजवे चिकटवून दिवे लावते. चिखल होता, काजवा एकही नव्हता. आजी हयात असती तर हे तिला सांगितलं नसतं.

हा फोटोंचा कोरडा रविवार, पण सगळ्यात कामाचा. गाठ कुठे पडते, पट्टी कुठे असते हे कळल्यावर फोकस कुठे रोखायचा ते कळलं. तोवर मी घुमटाच्या वरच्या भागावर फोकस ठेवत होतो, कारण तो मोठा दिसतो. घडामोडी सगळ्या पट्टीवर.

उरलेल्या दोन झाडांवर अकरा खोपे. मी नव्याने आकडे दिले. जुन्या चारची जागा तशीच रिकामी, फक्त झावळीला वाळकी गाठ. शेजारच्या झावळीला नवं कडं दिसतंय. तोच नर का? सांगता येत नाही, सगळे सारखे दिसतात. पायात रंगीत कड्या घालून ओळखायचं काम परवानगीवाल्या अभ्यासकांचं. मी त्या कड्याला ‘चार-अ’ म्हणतो, स्वतःच्या समाधानासाठी.

२१ जुलै, रविवार

माद्या आल्या आणि मी सगळं हुकवलं.

मादी म्हणजे जवळपास चिमणी. तपकिरी, रेघारेघांची, कुणाच्या नजरेत न भरणारी. पण ती झाडावर उतरली की अकराही नर एकदम पिसाटतात. आपापल्या खोप्याला खालून उलटे लटकतात, पंख सावकाश, पसरून फडफडवतात आणि लांब, घरघरत्या सुरात ‘चीऽऽऽ’ लावतात. दादर स्टेशनबाहेरचे फेरीवाले गिऱ्हाईक दिसताच एकदम ओरडतात, त्याची आठवण झाली. दहा-पंधरा सेकंदांत मादी उडाली की पुन्हा शुकशुकाट.

हुकलं ते असं. पंखांची फडफड बघून मी लेन्स नराकडून नराकडे फिरवत राहिलो. ज्या खोप्यात मादी शिरली, तिथे पोचेपर्यंत ती बाहेर. शिवाय वाऱ्यात खोपा अर्धा-पाऊण मीटर झुलतो. वीस मीटरवर, एफ/५.६ ला स्पष्ट दिसणारा पट्टा फूटभरापेक्षा थोडाच जास्त. खोपा पुढे-मागे झुलला की पट्ट्याबाहेर. ऑटोफोकस मागच्या गवताला जाऊन चिकटतो आणि तिथेच रमतो. १,१२० फोटो, ठेवलेला शून्य. हो, शून्य.

२५ जुलै, गुरुवार (घरी)

रात्री जेवणानंतर गॅलरीत सराव. कपडे वाळत घालायच्या दोरीला सुतळीने नारळाची करवंटी टांगली, पंखा लावला, लांबून फोटो काढले. शेजारच्या काकू दोनदा डोकावून गेल्या.

करवंटीने शिकवलं ते असं. झोका दोन टोकांना क्षणभर थांबतो. मध्ये तो सर्वांत वेगात असतो, टोकाला जवळजवळ स्थिर. म्हणजे झोक्याच्या मागे धावायचंच नाही. मागच्या टोकाच्या जागेवर फोकस आधीच रोखायचा, ऑटोफोकस बंद करायचा आणि खोपा तिथे आला की तीन-चार फोटोंची सर. लेन्सचं तोंड लहान करून एफ/८ केला तर पट्टा दीड फुटाच्या वर जातो, मग उरलेली कसर भरते. सोबत लेन्सवरचा फोकसची हद्द ठरवणारा खटका ‘अनंत ते ६ मीटर’वर. तो आजवर ‘फुल’वर होता, म्हणून लेन्स विनाकारण जवळपर्यंत चाचपडत जात होती. हा खटका मी दोन वर्षं पाहिलाच नव्हता.

२८ जुलै, रविवार

ठरवलं, सगळं झाड बघायचं नाही. एकच खोपा धरायचा. आज ‘चार-अ’ हेल्मेटला आला होता. त्याच्या पट्टीवर फोकस रोखला, शटर १/१६००, एफ/८, आयएसओ २५००, शटरचा आवाज दबवणारा क्यू मोड. शेडनेटच्या खालच्या शिवणीत आता गोटे ओवलेत आणि वर कपड्यांचे चिमटे, त्यामुळे फडफड बंद. अंतर वीस मीटर, टेपने मोजून.

अडीच तास काहीच नाही. दोनदा माद्या आल्या, दुसऱ्या खोप्यांकडे गेल्या. हात शिवशिवत होते, लेन्स वळवली नाही. आठ वाजून चाळीस मिनिटांनी एक मादी चार-अच्या झावळीवर उतरली. नर खाली उलटा लटकून पंख फडफडवतोय, ती त्याच्याकडे बघतही नाही. सरळ खालून आत शिरली आणि पट्टीवर बसली. एक धागा चोचीत धरून ओढला. सोडला. दुसरा ओढला, मान मागे नेऊन, जोर लावून. भाजीवालीकडची भेंडी मोडून बघावी तशी. मग घुमटाकडे तोंड करून आत डोकं घातलं, वळली, पुन्हा पट्टीवर. सगळं मिळून चाळीसेक सेकंद. नर तोवर बाहेर स्तब्ध, पंख अर्धे उघडे, चोच मिटलेली. हाच फोटो : आत तिची ताणलेली मान आणि चोचीतला ताठ धागा, बाहेर तो श्वास रोखल्यासारखा. तीन फोटोंच्या सरीतला मधला. मागच्या गवताचा हिरवा रंग, पाऊस थांबलेला, तिच्या पाठीवर एक थेंब.

ती उडून गेली. परत आली नाही, निदान दहापर्यंत तरी.

घरी बायकोला फोटो दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे घर बांधतो हा, आणि नाव सुगरण? इथेही नावच आमचं?" मी म्हटलं, इथे नाव तुमचं आणि काम आमचं. त्यावर ती फक्त ओट्यावरच्या भांड्यांकडे बघून हसली.

४ ऑगस्ट, रविवार

चार-अ पसंत पडला! खालून नळी लोंबायला लागली आहे, म्हणजे नर प्रवेशमार्ग विणतोय. त्याच मादीने होकार दिला की दुसरीने, माहीत नाही. वहीतल्या पहिल्या पानाप्रमाणे चार-अ बंद. दुर्बिणीतून दोन मिनिटं बघितलं आणि लेन्स दुसऱ्या झाडाकडे वळवली. इथून पुढे अंडी उबवणं मादीचं, साधारण दोन आठवडे. नर नळी संपवून पुढच्या खोप्याला आणि पुढच्या मादीच्या खटपटीला लागतो. एकामागून एक माद्यांशी घरोबा करायची ही रीत सालिम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींचं निरीक्षण करून मांडली. खाडी ओलांडून पलीकडे, तेव्हा.

नियम पाळताना त्रास झाला. नळी विणणाऱ्या नरावरचा उजेड आज नेमका अप्रतिम होता.

१८ ऑगस्ट, रविवार

उद्या नारळी पौर्णिमा. मामा होडीला रंग लावत होते, मी लेन्स उन्हाला धरून रडत होतो. आतल्या काचेवर कोळिष्टकासारखी बारीक पांढरी जाळी. बुरशी. फ्रिजवरची जागा धुक्यासाठी उत्तम, बुरशीसाठी मेजवानी. स्वयंपाकघरातली वाफ, वर ओली बॅग, एरवी चेन बंद.

सर्व्हिसिंगला ३,५०० रुपये आणि नऊ दिवस. कारागिराने सांगितलं, अजून महिनाभर उशीर केला असता तर काचेवरचा लेप खाल्ला असता. त्याच दिवशी हवाबंद मोठा डबा, सिलिका जेल आणि आत ठेवायचा छोटा आर्द्रतामापक घेतला. आता कॅमेरा घरी आल्यावर आधी पंख्याखाली दोन तास उघडा, मग डब्यात. काटा ४५ ते ५० च्या दरम्यान. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतायचं. कढई वेगळी ठेवा, हे सांगायला नको. मोहिमेवर जायच्या आदल्या रात्री डबा एसीच्या खोलीत नको, हेही ९ जूनवरून समजलं असेलच.

१ सप्टेंबर, रविवार

दुसरा बहर. नवे चार खोपे. लेन्स परत आली, बोटं सरावली, आता पंखांची फडफड मुद्दाम १/१२५ वर काढली. शरीर स्थिर, पंखांचे पिवळसर-तपकिरी धूर. चाळीसातला एक जमतो.

मधल्या झाडावर एक खोपा गेल्या तीन आठवड्यांपासून हेल्मेटवरच अडकलाय, घुमट जरा वाकडा. माद्या येतात, पट्टीवर बसतात, एक-दोन धागे ओढतात, जातात. पाच नकार मी मोजले. आज नराने स्वतःच त्याचे धागे उपसले आणि शेजारच्या झावळीवर तेच धागे घेऊन नवी गाठ मारली. फोटो काढायचं विसरलो, बघत बसलो.

चार-अच्या झावळीवर सकाळी मादी चोचीत किडा घेऊन नळीत शिरताना दुर्बिणीतून दिसली. कॅमेरा मांडीवर होता.

१५ सप्टेंबर, रविवार : हिशेब

गणपतीमुळे गेला रविवार नाही. खर्च मांडून टाकतो, कारण सुरू करताना मला कुणी सांगितला नव्हता. शेडनेट २४०, चिमटे ६०, हवाबंद डबा ६५०, सिलिका ३२०, आर्द्रतामापक ३५०, सर्व्हिसिंग ३,५००, पेट्रोल १,८००, मामांसोबतचा चहा-वडापाव ८८०. एकूण ७,८००. मूग धरलेले नाहीत. यातले साडेतीन हजार निव्वळ आळसाचे. डबा आधी घेतला असता तर तो खर्च झालाच नसता.

फोटो सगळे मिळून साडेअकरा हजारांवर. ठेवलेले ३८. भिंतीवर लावण्यासारखे पाच, त्यातला एक २८ जुलैचा. वाया गेलेल्या सकाळी सहा : पावसाआधीच्या तीन, धुक्याची एक, चुकीच्या बाजूची एक, शून्यवाली एक. ३० जून यात धरायची की नाही, ते ठरत नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

शेवटची फेरी. ऑक्टोबरचं ऊन, गवत पिवळं पडायला लागलंय. खोपे तपकिरी झालेत. सुगरणींचे नर उतरल्या रंगात, आता मादी कोण, नर कोण ओळखू येत नाही. चार-अ रिकामा, नळीचं तोंड उसवलेलं.

टाकून दिलेल्या एका जुन्या खोप्यात मुनियांची जोडी ये-जा करतेय. एक आत गवताचे तुरे घेऊन जाते, दुसरी बाहेर झावळीवर बसून राहते. बांधापासून मोजलं, पंचवीस मीटर. स्टूल तिथेच टेकवलं. उजव्या गमबुटात पुन्हा पाणी शिरलंय.